ऑटिझम असलेल्या मुलासाठी ऑक्युपेशनल थेरपी: शोधायची कुठे आणि मागायचं काय?

“डॉक्टर म्हणाले, ओटी चालू करा. पण ओटी म्हणजे काय आणि ती मिळते कुठे, हे कुणी सांगितलंच नाही.” ज्या पालकांच्या हातात मुलाच्या ऑटिझमचा कागद आला, त्यांच्यापैकी बहुतेकांकडून आम्ही हेच ऐकलं आहे. आम्ही डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, शाळेत शिकवतो. पण असं मूल पहिलीच्या वर्गात आलं की त्याचे अम्मी-अब्बा आधी शाळेतच येऊन विचारतात, आणि विचारावं अशी दुसरी जागाही अनेकांकडे नसते. त्यामुळे जी माहिती गोळा करावी लागली, ती इथे एकत्र मांडतो आहोत.

आधी नावाचा घोळ मिटवू. दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. त्यामुळे ‘मुलाला ओटीला न्यायचं आहे’ हे ऐकून एक दादी रडायलाच लागल्या होत्या, त्यांना वाटलं पोराचं डोकं उघडणार. सरकारी इस्पितळात पाटीवर ‘व्यवसायोपचार विभाग’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून कुणाला वाटतं इथे रोजगाराचं काही मिळतं. दोन्ही नाही. ऑक्युपेशन म्हणजे इथे माणसाची रोजची कामं. मोठ्या माणसाचं काम नोकरी-धंदा आणि घर. चार वर्षांच्या मुलाचं काम म्हणजे जेवणं, कपडे घालणं, संडासला जाणं, अंघोळ, झोप, खेळ आणि पुढे पेन्सिल धरणं. ही कामं मुलाला का जमत नाहीत हे शोधून ती जमवून आणणं, ही ऑक्युपेशनल थेरपी.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो आजार नाही, म्हणून त्याच्यावर गोळी नाही. मेंदूची जडणघडणच थोडी वेगळी असते. बोलण्यात, माणसांशी नातं जोडण्यात आणि आवाज, स्पर्श, उजेड झेलण्यात हा वेगळेपणा दिसतो. शेवटचा भाग आपल्याकडे सगळ्यात कमी समजला जातो आणि ओटीचा मोठा संबंध त्याच्याशीच आहे. कुकरची शिट्टी वाजली की मूल कानावर हात ठेवून पळतं. डोक्यावर पाणी पडलं की कुणी मारतंय असं ओरडतं. नखं कापायला तीन माणसं लागतात. पांढरा भात खातं, पण त्यावर सालन पडलं की ताट ढकलून देतं. ईदचा नवा कोरा, कडक कुरता घातला की दहा मिनिटांत अंगातून ओरबाडून काढतं आणि घरातले म्हणतात, सणाच्या दिवशी तमाशा करतो. मूल तमाशा करत नसतं. मानेला टोचणारं कपड्याचं लेबल आपल्याला जाणवतही नाही, त्याला ते काट्यासारखं लागत असतं.

याच्या उलटही असतं. काही मुलांना संवेदना कमी पोहोचतात, म्हणून ती स्वतःच शोधत फिरतात. सोफ्यावरून उड्या मारतात, भिंतीला अंग आपटतात, गोल गोल फिरतात, कॉलर चावून चिंध्या करतात, पंजांवर चालतात. एकाच मुलात दोन्ही गोष्टी असू शकतात: आवाज अजिबात सहन होत नाही, पण झोका तासभर चालतो. डोळे-कान-जीभ यांच्या जोडीला तोल सांभाळण्याची आणि स्नायू-सांध्यांतून येणारी अशा आणखी दोन जाणिवा असतात. त्या नीट जुळल्या नाहीत तर मुलाला स्वतःचं अंग कुठे संपतं आणि जग कुठे सुरू होतं हेच नीट कळत नाही. हा विचार अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी १९७०च्या दशकात पुस्तकांतून मांडला. आज सेंटरमध्ये दिसणारे झोके, मोठे चेंडू, वाळूचे ट्रे हे सगळं त्याच विचारातून आलेलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे मूल आईने मोबाइल दिल्याने असं झालेलं नाही, गरोदरपणात आईने काही खाल्ल्या-न खाल्ल्याने नाही, आणि लसीनेही नाही. लसीचा दावा १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखामुळे पसरला. त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला. तरीही त्या भीतीने धाकट्या भावंडाची गोवरची लस चुकवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. नजर, असर, जिन्न हेही बोललं जातं. दुआ करा, दम करून घ्या, त्याने आईच्या जिवाला आधार मिळतो आणि त्याला आमचा विरोध नाही. पण ‘आधी हे करून बघू, मग डॉक्टरकडे’ असं म्हणत दोन वर्षं जातात, ते नुकसान खरं आहे. दुआ आणि थेरपी एकाच दिवशी सुरू करता येतात. लहान वयात मेंदू जितका वळतो तितका पुढे वळत नाही, म्हणून अडीच वर्षांच्या मुलाची दोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

थेरपी सुरू करायला पक्क्या निदानाची वाट पाहावी लागत नाही. दीड-दोन वर्षांचं मूल नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, तर आधी कानाची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही असंच वागतं. बालरोगतज्ज्ञांकडे एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. त्यात शंका निघाली तर पुढच्या तपासणीसाठी नंबर लावा आणि त्याच आठवड्यात ओटीकडेही नंबर लावा. “मुलगे उशिराच बोलतात, याचे अब्बाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते” हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. ते म्हणू द्या, पण नंबर लावा.

कुठे जायचं?

मुंबई आणि आसपास राहणाऱ्यांना, म्हणजे मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, गोवंडी, मीरा रोडच्या कुटुंबांना, आमचा पहिला सल्ला सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण दिलं जातं. म्हणजे तिथे विभागही मोठा आणि शिकवणारे अनुभवीही. भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईतच सुरू झालं. ते उभं करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या आणि लग्न करून इथल्याच झाल्या. हाजी अलीला दर्ग्याच्या समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दर गुरुवारी दर्ग्यावर जाणाऱ्या कित्येकांनी ती इमारत पाहिलेली असते, आत काय होतं ते माहीत नसतं. तिथेही ओटीचा विभाग आहे.

वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणासाठी आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे. आपल्याकडे ती फक्त बहिऱ्या-मुक्यांची जागा समजली जाते. पण कानाची तपासणी आणि वाचोपचार यांसाठी तिथे जाणं फायद्याचं, कारण ऑटिझमच्या बहुतेक मुलांना ओटीबरोबर वाचोपचारही लागतो. खासगी ट्रस्टच्या संस्थांमध्ये मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून काम करतं, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे. विदर्भातल्या लोकांसाठी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ओटीचं जुनं विद्यालय आहे.

आता मालेगाव, परभणी, सोलापूर, रत्नागिरी. इथल्या पालकांना सगळे सांगतात, मुंबईला जा. त्याआधी जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘डीईआयसी’ विचारा. याचा अर्थ जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याखालची ही केंद्रं आहेत. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार तिथे मोफत. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुलं तपासतात. आपली बरीच मुलं खासगी इंग्रजी शाळेत किंवा नुसत्या मकतबमध्ये असतात, तिथे हे पथक येत नाही, म्हणून आपल्याला या केंद्राचा पत्ताच लागत नाही. थेट गेलात तरी चालतं. फक्त निघण्याआधी फोन करून विचारा की ऑक्युपेशनल थेरपिस्टची जागा भरलेली आहे का आणि त्या कोणत्या वारी बसतात. काही जिल्ह्यांत पद रिकामं असतं, मग शंभर किलोमीटर येऊन फिजिओथेरपीचा कागद हातात घेऊन परत जावं लागतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे लक्षात असू द्या.

सरकारी ठिकाणी अडचण असते ती गर्दीची. आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यातून एकदा नंबर येतो. खासगी सेंटरमध्ये आठवड्यातून तीन-चार सेशन मिळतात, पण फी काहीशे रुपयांपासून हजाराच्या पुढे जाते आणि रिक्षाने ये-जा करण्याचा खर्च वेगळा. आमच्या मते बहुतेक घरांना झेपेल असा मार्ग मधला आहे. मोठ्या सरकारी विभागात नीट तपासणी आणि कार्यक्रम लिहून घ्यायचा, दर महिन्याला तिथे दाखवायचं, आणि रोजचा सराव घरी करायचा. जवळ परवडणारं सेंटर असेल तर त्याची जोड द्यायची. आठवड्याच्या तीन सेशनसाठी अम्मीचे दागिने मोडण्याची गरज नसते. दागिने मोडून सहा महिने सेशन केले, मग पैसे संपले म्हणून सगळंच बंद पडलं, असं जास्त वेळा होतं.

कोकणातल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. खेड, दापोली, राजापूरकडे अब्बा कुवेत-दुबईला आणि मुलाला घेऊन धावपळ एकट्या आईची. अशा वेळी अब्बांची सुट्टी आणि मुंबईतली पहिली सविस्तर तपासणी एकत्र जुळवा. दोघांनी एकदा थेरपिस्टच्या तोंडून ऐकलेलं असलं की पुढे फोनवरून “तूच लाड करतेस म्हणून तो असा” हे बोलणं बंद होतं. आई घरी सराव घेते त्याचा छोटा व्हिडिओ पाठवून थेरपिस्टकडून दुरुस्ती करून घेण्याची सोयही आता बऱ्याच ठिकाणी मिळते. ती मागून घ्या.

पहिल्या भेटीत काय विचारायचं?

शिक्षण विचारायला लाजू नका. ऑक्युपेशनल थेरपीची काही वर्षांची पदवी असते, त्यात इंटर्नशिपही येते. राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचाराची परिषद आहे आणि तिच्याकडे थेरपिस्टची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक भिंतीवर किंवा कागदावर हवा. काही महिन्यांचा कोर्स करून ‘सेन्सरी सेंटर’ची पाटी लावणारे गल्लोगल्ली झाले आहेत. खोलीत रंगीत झोके आहेत म्हणून ती ओटी होत नाही.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. घरून निघताना एक काम ठरवून जा. “मूल सुधारू दे” असं मागू नका, “तीन महिन्यांत तो स्वतःच्या हाताने जेवावा” असं मागा. किंवा “संडास झाल्यावर स्वतः लोटा धरून साफ करावं”, “न रडता डोक्यावरून अंघोळ व्हावी”, “रात्री अकरापर्यंत झोपावं”. घरात आज कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो, तेच काम. चांगली थेरपिस्ट हे ऐकून खूश होते, त्या कामाचे तुकडे पाडते, आज मूल कोणत्या तुकड्यावर अडकतं ते लिहून ठेवते आणि तीन महिन्यांनी काय दिसायला हवं ते सांगते. जी म्हणते, “तुम्ही बाहेर बसा, आम्ही सेन्सरी देतो, सहा महिन्यांनी बघू”, तिथे पैसे भरण्याआधी विचार करा.

हा आमचा हट्ट नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये असंच सांगितलं: संवेदनांवर आधारित थेरपीचा पुरावा मर्यादित आहे, म्हणून ती वापरायची तर ठरावीक मुदत आणि ठरावीक लक्ष्य ठेवून वापरावी, आणि फरक पडतो की नाही हे पालकांना ओळखता यावं. त्यानंतर काही चांगले अभ्यास झाले, त्यांतही फायदा दिसला तो प्रत्येक मुलासाठी वेगळी लक्ष्यं ठरवून काम केलं तिथे. वजनाचं जाकीट, ब्रशने अंग घासणं यांसारख्या सुट्या गोष्टींचा पुरावा फार कमजोर आहे. कुणी सात हजारांचं जाकीट विकत घ्यायला लावत असेल तर आधी तेवढ्या पैशांत किती सेशन येतात ते मोजा.

आणि स्टेम सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या जाहिराती फिरतात, “ऑटिझम मुळापासून बरा”. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने त्यासाठी राहत्या घरावर कर्ज काढलं. मूल होतं तसंच आहे, हप्ते चालू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि असा उपचार करणं, त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरतं. कुणी हे विकायला आलं तर हेच वाक्य ऐकवा.

घरात काय करायचं?

थेरपिस्टचा तास आठवड्यात दोन किंवा तीन. घरात मूल जागं असतं ते रोज बारा-चौदा तास. म्हणून शिकणं मोरीत, दस्तरख्वानावर आणि अंथरुणातच व्हायला हवं. त्यासाठी फार सामान लागत नाही. कणीक मळू द्या, ओले कपडे पिळू द्या, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ द्या. स्नायूंना जोर पडला की कित्येक मुलं शांत होतात, जेवायला किंवा अभ्यासाला बसण्याआधी हे करून बघा. वाटाणे सोलणं, मसूर-तांदूळ वेगळे करणं यातून बोटं तयार होतात, पेन्सिलची पकड इथूनच येते. ज्याला अंगावर दाब आवडतो त्याला गोधडीत गुंडाळून लोळवता येतं, पण तोंड उघडं हवं, तुम्ही शेजारी हवं आणि मुलाने नको म्हटलं की लगेच सोडायचं. साडीची झोळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. कोणती गोष्ट किती वेळ, हे मात्र थेरपिस्टला विचारून ठरवा. एका मुलाला झोका शांत करतो, दुसऱ्याला तोच चेतवतो.

कपडे घालायला शिकवताना थेरपिस्ट एक युक्ती वापरतात, ती प्रत्येक आईला माहीत असावी. काम शेवटून शिकवायचं. पायजमा तुम्हीच घाला, गुडघ्यापर्यंत आणा, कमरेपर्यंतही आणा, शेवटचं चार बोटं वर ओढणं तेवढं मुलाने करायचं. ते जमलं की पुढच्या आठवड्यात मांडीपासून, मग गुडघ्यापासून. काम संपवण्याची खुशी रोज मुलाला मिळते आणि ‘मला येत नाही’ म्हणून रडणं थांबतं. सुरुवातीपासून शिकवायला गेलं तर मूल पहिल्याच पायरीवर थकतं आणि बाकीचं आईच घाईत उरकते.

वुजूचंही असंच. त्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपर, डोकं, पाय असा ठरलेला क्रम आहे आणि ऑटिझमच्या मुलांना ठरलेला क्रम आवडतो. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून, छापून, नळाच्या वर चिकटवा. चेहऱ्यावर पाणी सहन होत नसेल तर आधी ओल्या रुमालाने सुरुवात करा. मशिदीत नेण्यावरून घरात वाद होतात. जुम्याच्या गर्दीत, स्पीकरखाली पहिल्यांदाच नेलं तर मूल घाबरणारच. दोन नमाजांच्या मधल्या वेळात मशीद रिकामी असते. तेव्हा दहा मिनिटं न्या, चटईवर बसू द्या, परत या. असं महिनाभर करून मग जमातीकडे वळा. इमामसाहेबांना आधी सांगून ठेवलं तर मागच्या सफमधून येणारे टोमणे तेच थांबवतात.

रमजानमध्ये घराचं वेळापत्रक उलटं होतं आणि याच महिन्यात मुलं बिघडतात, अशी तक्रार थेरपिस्ट करतात. घरातले सहरीला जागे असले तरी मुलाच्या जेवणाची, झोपेची वेळ हलवू नका. थेरपीचा नंबर सकाळचा मागून घ्या, दुपारनंतर रोजा असलेल्या आईला लोकलमधून मूल सांभाळत नेणं अवघड जातं. महिनाभर सेशन बंद ठेवणं मात्र टाळा.

भाषेबद्दलही सांगून टाकतो, कारण हा सल्ला आम्हाला फार खटकतो. “घरात उर्दू, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळलं, आता फक्त इंग्रजी बोला” असं पालकांना सांगितलं जातं. ज्या आईला इंग्रजी येत नाही ती मग मुलाशी बोलणंच कमी करते. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझमच्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. दादी दखनीत बोलते, बोलू द्या. कोकणी घरात कोकणी बोला. थेरपिस्टला मात्र सांगून ठेवा की ‘पाणी’, ‘बस’, ‘नको’ यांसाठी घरात कोणते शब्द वापरता, म्हणजे तेही तेच वापरतील.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे आणि ऑटिझम त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी ४० मुद्द्यांचं भारतीय मापक वापरतात. ४० टक्के किंवा अधिक आलं की यूडीआयडी कार्डाचे फायदे सुरू होतात. “मुलाच्या कपाळावर शिक्का बसेल, उद्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल” म्हणून घरं हा अर्ज टाळतात. कार्ड कपाटात राहतं, ते कुणाला दाखवायचं हे तुमच्या हातात असतं. पण शाळेत सवलत, शिष्यवृत्ती, एसटीची सवलत यांपैकी काहीही त्याच्याशिवाय मिळत नाही.

अर्ज करण्याआधी एकच काम करा: नाव जुळवा. जन्मदाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, रेशनकार्डावर नुसतं ‘मो.’, कुठे ‘शेख’ आधी तर कुठे शेवटी. आपल्या मुलांचे अर्ज अडकतात ते जास्त करून इथेच. एक अक्षर चुकलं तर रुग्णालयाच्या खिडकीवरून परत पाठवतात. आधी आधार आणि जन्मदाखला एकसारखा करून घ्या, मग पोर्टल उघडा.

कार्ड आलं की ‘निरामय’ विचारा. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, त्याची ही आरोग्यविमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी करून नाकारण्याची भानगड नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे इस्पितळात भरती न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो. पैसे आधी आपण भरायचे, मग परत मिळतात, त्यामुळे प्रत्येक सेशनची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवा. वहीच्या कागदावर लिहिलेली पावती चालत नाही. ज्यांना तेवढेही पैसे आधी भरणं शक्य नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्यातल्या बैतुलमालने थेरपीची फी उचलायला हवी. जकातीला पात्र असलेल्या कुटुंबासाठी ती रक्कम कशी द्यायची, हे तिथले उलेमा सांगतील. आपल्याकडे ऑपरेशनसाठी चंदा लगेच जमतो, पण दर महिन्याच्या थेरपीसाठी कुणी विचारत नाही.

शाळेकडून काय मागायचं, हे आम्ही आतल्या माणसांनी सांगायला हवं. प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावता येतं. पण रोजच्या उपयोगाची गोष्ट याहून साधी आहे. वर्गशिक्षकांकडून एक पानभर लिहून घ्या: मूल कोणत्या तासाला जागेवरून उठतं, कोणता आवाज झाला की बिथरतं, डबा खातं का, किती ओळी लिहिल्यावर हात थांबतो. हे पान थेरपिस्टला द्या. तिला एरवी सहा महिने लागले असते ते दहा मिनिटांत कळतं. तिच्याकडून उलट एक पान शाळेला आणा: भिंतीजवळची जागा, पंख्यापासून लांब, मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधी पाच मिनिटं बाहेर नेणं, जाड पेन्सिल, लिखाण अर्धं. यात शाळेचा एक रुपया खर्च होत नाही. बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

शेवटी मुलींबद्दल. ऑटिझम मुलींमध्ये उशिरा ओळखला जातो, कारण गप्प राहणारी मुलगी आपल्याकडे ‘शरीफ’ म्हणवली जाते. आणि त्या वयात आल्या की आई थेरपी बंद करते, घरातच ठेवते. खरं तर ओटीची गरज तेव्हाच पुन्हा लागते. पाळी येण्याआधी, आठ-नऊ वर्षांपासून, पॅड हातात घेणं, अंतर्वस्त्राला लावणं, थोडा वेळ वापरून सवय करणं, वापरलेलं कागदात गुंडाळणं, हे सगळं तुकड्या-तुकड्याने शिकवता येतं, जसं पायजम्याचं शिकवलं तसंच. कुणी कुठे हात लावायचा नाही, हेही याच वयात शिकवायचं असतं, कारण या मुली सांगू शकत नाहीत आणि त्याचा फायदा घेणारे असतात. या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, त्यामुळे बाई थेरपिस्ट मिळणं अवघड नाही. नंबर लावतानाच तसं सांगा, आणि हा विषय लाजून न टाळता पहिल्याच भेटीत काढा.